पंचवीस किलोमीटरची अट काढली तर उसाला दर वाढून मिळेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आमच्या भागात एकच साखर कारखाना. चेअरमन तोच आमदार. दर तो म्हणेल तो. शेतकरी नेते म्हणतात, दोन कारखान्यांमधली पंचवीस किलोमीटर हवाई अंतराची अट काढा, स्पर्धा आली की दर आपोआप चढेल. कारखानदार म्हणतात, अट काढली तर सगळेच कारखाने बुडतील. खरं कोणाचं? आणि अट गेली की कारखान्यातलं राजकारण जाईल का?

दर वाढेल, पण सगळ्या भागांत नाही. आणि जिथे वाढेल तिथेही गव्हाणीच्या (गाळपासाठी ऊस टाकायच्या जागेच्या) पूजनाला जाहीर झालेला आकडा पूर्ण हातात पडेलच असं नाही. अंतराची अट ही एक कडी आहे. कारखान्याची खरी पकड दुसऱ्या दोन ठिकाणी आहे: तोडीची तारीख कोण ठरवतो, आणि ऊस गव्हाणीत पडल्यापासून पैसे खात्यावर येईपर्यंत ते पैसे कोणाच्या ताब्यात असतात. या दोन कड्या तशाच ठेवून फक्त अट काढली, तर एकाऐवजी दोन कारखाने असतील आणि दर एकच राहील.

आधी ऊस हा माल इतर मालापेक्षा वेगळा का ते बघू. कांद्याचा भाव पडला तर चार आठवडे चाळीत ठेवता येतो, लासलगावला नाही तर पिंपळगावला नेता येतो. उसाचं तसं नाही. कोयता लागला की घड्याळ सुरू होतं. चोवीस तासांच्या आत गाळला नाही तर वजन घटायला लागतं आणि साखर मोडायला लागते, आणि उन्हाळ्यात हे आणखी वेगाने होतं. शिवाय शंभर किलो उसातून निघते दहा-बारा किलो साखर, म्हणजे लांब नेताना बहुतांश भाडं पाण्याचं आणि चिपाडाचंच. उभा ऊसही फार थांबत नाही. तुरा आला, पक्वतेचा काळ उलटला की तो आतून पोकळ होत जातो आणि खोडव्याचं (तोडलेल्या बुडख्यांतून येणाऱ्या पुढच्या पिकाचं) वेळापत्रकही बिघडतं. म्हणून विकणारा अडलेला आणि घेणारा निवांत, ही स्थिती उसात कायद्याशिवायही असते. कायदा फक्त तिला कमी किंवा जास्त करतो.

आता अटीबद्दल. १९६६ च्या केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशात २००६ मध्ये एक कलम घातलं गेलं. नवा कारखाना जुन्या कारखान्यापासून हवाई अंतराने किमान पंधरा किलोमीटर हवा, आणि राज्याला वाटलं तर केंद्राच्या मंजुरीने हे अंतर वाढवता येईल, असं ते कलम आहे. महाराष्ट्राने २०११ मध्ये ते पंचवीस केलं. नवा कारखाना काढणाऱ्याला भारतीय सर्वेक्षण विभागाचा अंतराचा दाखला लागतो, केंद्राकडे एक कोटीची बँक हमी ठेवावी लागते आणि ठरलेल्या मुदतीत काम उभं करावं लागतं. ही हमी आली ती अनुभवातून. त्याआधी काही मंडळी कारखाना काढायचा म्हणून केंद्राकडे नुसती कागदी नोंदणी करून ठेवायची. कारखाना कुठेच नाही, पण जागा अडली. स्पर्धक रोखायला चिमणी बांधावी लागत नाही, कागद पुरतो.

पंचवीस आणि पंधरा यांतला फरक कागदावर मांडून बघा. दोन कारखान्यांत पंचवीस किलोमीटर अंतर म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण साडेबारा किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ, सुमारे ४९० चौरस किलोमीटर, म्हणजे ४९ हजार हेक्टर. पंधरा किलोमीटर अंतर ठेवलं तर हेच क्षेत्र १७ हजार ७०० हेक्टरच्या आसपास येतं. समजा त्यातल्या १५ टक्के जमिनीवर ऊस आहे आणि हेक्टरी ८० टन निघतो. पंचवीसच्या अटीत कारखान्याच्या दारात पावणेसहा ते सहा लाख टन ऊस येतो, पंधराच्या अटीत दोन लाखांच्या थोडा वर. रोज अडीच हजार टन गाळणाऱ्या कारखान्याला दीडशे दिवस चालायला पावणेचार लाख टन लागतो. म्हणजे दुष्काळी पट्ट्यात, मराठवाड्याच्या बऱ्याच भागात, पंधरा किलोमीटरवर दोन कारखाने उभे राहिले तर दोघेही अर्धा हंगाम बंद. इथे कारखानदारांचं म्हणणं खोटं नाही.

पण हेच गणित शिरोळ-हातकणंगल्यात किंवा कृष्णाकाठी करा. तिथे ४० टक्के जमीन उसाखाली धरली तर पंधरा किलोमीटरच्या छोट्या वर्तुळातही साडेपाच लाख टन ऊस मिळतो. तिथे पंचवीसची अट कारखान्याला जगवत नाही, स्पर्धेपासून वाचवते. एकच अट दोन जिल्ह्यांत दोन वेगळी कामं करते, आणि राज्यभर एकच आकडा लावण्यातली सोय कोणाची हे विचारायला हवं.

याहून मोठी गोष्ट अशी की ही अट नव्या कारखान्याला आहे, जुन्याच्या विस्ताराला नाही. अडीच हजार टनांचा कारखाना पाच हजारांचा झाला, पाचाचा दहा हजारांचा झाला, तर अंतर मोजायला कोणी येत नाही. त्यामुळे ऊस वाढला तेव्हा नवा खरेदीदार आला नाही, जुनाच मोठा झाला. फट राहिली ती गुळाच्या बाजूने. गूळ पावडरचे आणि खांडसरीचे (देशी पद्धतीच्या साखरेचे) प्लांट अंतराच्या कचाट्यात येत नाहीत, म्हणून गेल्या काही वर्षांत ते कारखान्यांच्या ऐन कार्यक्षेत्रात उभे राहिले आणि काही ठिकाणी रोख पैसे देऊन ऊस उचलू लागले. कारखानदारांनी तक्रार केली, आणि मे २०२५ च्या नव्या साखर नियंत्रण आदेशात रोज ५०० टनांच्या वर गाळणाऱ्या खांडसरी प्लांटला नियमांखाली आणलं गेलं. त्यांनाही आता एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी लागते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे बरं झालं, पण हाच नियम रोख देणाऱ्या छोट्या खरेदीदाराला जड जातो, हेही खरं.

सी. रंगराजन समितीने २०१२ मध्ये अंतराची अट आणि राखीव क्षेत्र (ठरलेल्या भागाचा ऊस ठरलेल्या कारखान्यालाच) दोन्ही हळूहळू काढा असं सुचवलं होतं. त्याच अहवालातली लेव्ही साखर (सरकारला स्वस्तात द्यायचा साखरेचा वाटा) काढण्याची शिफारस पुढच्याच वर्षी मान्य झाली, कारण ती कारखान्यांना हवी होती. अंतराची शिफारस राज्यांवर सोडली गेली आणि तिथेच पडून आहे.

महाराष्ट्रात याहून कडक काळ होऊन गेला आहे. १९८४ च्या आदेशाने झोनबंदी होती: तुमच्या गावाचा ऊस ठरलेल्या कारखान्यालाच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने त्याविरुद्ध रान उठवलं आणि १९९७ मध्ये ती उठली. कायद्याने तेव्हापासून तुम्ही ऊस कोणालाही घालू शकता. मग अडतं कुठे?

अडतं फडात. उत्तर प्रदेशात शेतकरी ऊस स्वतः तोडून केंद्रावर किंवा गेटवर नेतो. आपल्याकडे तोडणी आणि वाहतूक कारखाना करतो. मुकादमाला (तोडणी टोळीच्या म्होरक्याला) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कारखान्याने दिलेली, बीडहून किंवा जतहून आलेली टोळी कारखान्याची, ट्रॅक्टरचा करार कारखान्याशी, आणि कोणत्या गटात कोणती टोळी कधी जाणार हे शेतकी ऑफिस ठरवतं. शेजारच्या तालुक्यातला कारखाना टनाला शंभर रुपये जास्त देतो म्हणून तुम्ही त्याच्याकडे नोंद दिलीत. त्याने टोळी पाठवली तर ठीक. नाही पाठवली तर मार्चपर्यंत उभा ऊस घेऊन तुम्ही परत जुन्याच गट ऑफिसच्या पायरीवर. पुढच्या वर्षी लागणीची तारीख बरोबर असूनही तुमचा नंबर शेवटी लागतो, आणि त्यासाठी कोणाला लेखी हुकूम काढावा लागत नाही. चिटबॉयने (तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाने) चिठ्ठी फाडायला आठ दिवस उशीर केला तरी पुरतं. वर टोळीची खुशाली आणि ड्रायव्हरची एंट्री, म्हणजे वरचे द्यावे लागणारे पैसे, एकरी काही हजारांवर जाते, ती वेगळीच, आणि ती कुठल्याच पावतीवर येत नाही.

म्हणून बाजाराची ताकद मोजायची तर दोन कारखान्यांतलं अंतर मोजू नका, मोकळ्या टोळ्या मोजा. ज्या भागात ऊसतोडणी यंत्रं खासगी मालकांची आहेत आणि शेतकरी थेट भाड्याने बोलावू शकतो, तिथे कारखाना बदलणं खरोखर शक्य होतं. बाकी ठिकाणी झोनबंदी कागदावरून गेली, बांधावर राहिली.

हंगाम कसा आहे यावरही पकड कमी-जास्त होते. २०२१-२२ मध्ये राज्यात १३ कोटी टनांहून जास्त ऊस गाळला गेला आणि कारखाने जूनपर्यंत चालले. त्या वर्षी दर कोणी विचारत नव्हतं, फक्त ऊस न्या म्हणत होतं. २०२४-२५ मध्ये गाळप साडेआठ कोटी टनांच्या आसपास आलं आणि बहुतेक कारखाने तीन महिन्यांच्या आत-बाहेर आटोपले. तेव्हा तेच शेतकी अधिकारी रात्री घरी येऊन नोंद मागत होते. अंतराची अट दोन्ही वर्षी तीच होती.

आता बिल. जाहीर दर आणि हातातला दर यांत कुठे काय गळतं ते आकड्यांत बघू, कारण स्पर्धा नसल्याचा तोटा बहुधा इथे होतो, दराच्या घोषणेत नाही.

२०२५-२६ साठी केंद्राची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे शंभर किलो उसातून निघणारी साखर) टनाला ३५५० रुपये आहे. त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे वाढतात. उतारा ९.५ किंवा त्याखाली असला तरी ३२९० रुपये ५० पैसे मिळालेच पाहिजेत. समजा कारखान्याचा उतारा ११.४० आहे. वरचे साडेअकरा टप्पे गुणिले ३४.६० म्हणजे ३९८ रुपये. एकूण ३९४८. ही गेटवरची किंमत. तोडणी-वाहतूक कारखान्याने केली म्हणून ती यातून वजा होते. ती ९०० धरली तर तुमच्या खात्यावर ३०४८ यायला हवेत.

आता याच उसाचा उतारा ११.४० ऐवजी १०.९० दाखवला गेला तर? टनाला १७३ रुपये गेले. एकरी चाळीस टनांचा फड असेल तर एकराला जवळजवळ सात हजार. इथेनॉलसाठी बी-हेवी मळी (जिच्यात बरीच साखर तशीच ठेवलेली असते) काढली की साखरेचा उतारा दीड टक्क्याच्या आसपास घटतो. ती घट हिशेबात परत मिळवायची असते आणि तिचा दाखला मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून घ्यायचा असतो. बिल बघताना उतारा इथेनॉलची घट धरून आहे की न धरता, हा पहिला प्रश्न विचारा. सभेत अंतिम उताऱ्याचा आकडा वाचून दाखवतात तेव्हा तो कोणता, हे बहुतेकांना कळत नाही आणि सांगणाऱ्यालाही सांगायची घाई नसते.

वजनकाटा. वीस टनांच्या खेपेमागे पाचशे किलो कमी दाखवले तर अडीच टक्के गेले, वरच्या दराने खेपेला पंधराशे रुपये, म्हणजे टनाला ७६. आंदोलन करून मिळवलेली पन्नास रुपयांची वाढ एका काट्यावर परत जाते. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस नाकारता येत नाही अशा सूचना शासनाने दिल्या आहेत. अडचण व्यवहाराची आहे: वाहन कारखान्याच्या कराराचं आणि ड्रायव्हरला खेपा वाढवायच्या असतात. तुमच्या काट्यासाठी तो वाट वाकडी करत नाही. एका गावातल्या दहा जणांनी एकाच दिवशी, एकाच बाहेरच्या काट्यावर सलग खेपा वजन करून पावत्या ठेवल्या तर त्या टिकतात. एकट्याची एक पावती टिकत नाही, कारण मधल्या वाटेत ऊस सांडला असं उत्तर तयार असतं.

तिसरी गळती तोडणी-वाहतुकीची. बहुतेक कारखाने वर्षभराचा सरासरी खर्च सगळ्यांना सारखा लावतात. तुमचा फड कारखान्यापासून चार किलोमीटरवर आहे, पण कारखान्याने गाळप वाढवायला सत्तर किलोमीटरवरून गेटकेन, म्हणजे कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस, आणला, तर त्या लांबच्या उसाचं भाडं थोडं तुम्हीही भरता. गंमत म्हणजे स्पर्धा वाढली की हाच खर्च फुगतो. दोन कारखाने एकमेकांच्या हद्दीतून ऊस ओढतात, रस्त्यावर एकमेकांना ओलांडून ट्रॅक्टर जातात, आणि त्याचं डिझेल जवळच्या सभासदाच्या एफआरपीतून कापलं जातं. म्हणून अंतराची अट काढायची तर वाहतूक कपात अंतराच्या टप्प्यांनुसार लावण्याचा नियम त्याच दिवशी हवा. नाहीतर स्पर्धेचा खर्च ऊसवाल्याचा आणि मान कारखान्याचा.

पैशाच्या वेळेबद्दल आदेश स्पष्ट आहे. ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज. पण त्याच वाक्यात एक पोटवाक्य आहे: लेखी करार वेगळा नसेल तर. ऊसनोंदीच्या अर्जावर बारीक अक्षरांत छापलेली हप्त्यांची संमती म्हणजे तोच लेखी करार. शेतकरी नोंद म्हणून सही करतो आणि चौदा दिवसांचा हक्क तिथेच सोडून देतो. राज्य सरकारनेही फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा आणि ती चालू हंगामाच्या उताऱ्यावर काढण्याचा निर्णय काढला होता. शेतकरी नेते राजू शेट्टींच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो रद्द केला. तीन हंगाम मात्र त्यावर निघून गेले.

कारखाना पैसे का थकवतो याचं कारण दर वेळी चोरीच असतं असं नाही. साखर एका दिवसात विकली जात नाही. जून २०१८ पासून केंद्र दर महिन्याला कारखान्याला विक्रीचा कोटा ठरवून देतं. तोवर पोती बँकेकडे तारण. समजा बँकेने क्विंटलला ३६०० मूल्यांकन केलं आणि ९० टक्के उचल दिली, तर ३२४०. त्यातून जुनी कर्जं आणि प्रक्रिया खर्चापोटी ७५० कापले. उरले २४९०. टनाला १.१४ क्विंटल साखर पडते, म्हणजे टनामागे सुमारे २८४० रुपये हातात. देणं आहे तोडणी-वाहतुकीसह ३९४८. मधले अकराशे इथेनॉल, वीज, मळी यांतून यायचे. ज्याच्याकडे डिस्टिलरी आणि सहवीज (चिपाडापासून वीज) आहे तो देतो. ज्याच्याकडे नाही तो पहिल्या पंधरवड्यातच मागे पडतो. म्हणून शेजारी नवा कारखाना यावा असं वाटत असेल तर तो नुसता साखरेचा आहे की डिस्टिलरीसह, हे आधी बघा. नुसत्या साखरेचा कारखाना पहिल्या वर्षी जोरात दर जाहीर करतो आणि तिसऱ्या वर्षी थकबाकीदारांच्या यादीत दिसतो.

आणि दिल्लीचं एक पत्र हा सगळा ताळेबंद उलटा करू शकतं. ७ डिसेंबर २०२३ ला ऐन हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्राने बंदी घातली. आठवड्याभरात ती थोडी सैल केली आणि पूर्ण उठवली ऑगस्ट २०२४ मध्ये. ज्यांनी इथेनॉलच्या भरवशावर कर्ज काढून प्लांट उभे केले होते त्यांनी शेतकऱ्याला द्यायच्या पहिल्या हप्त्यावर त्याचा परिणाम झाला. शहरात साखर महागू नये ही ग्राहकांची मतं, उसाला दर मिळावा ही शेतकऱ्यांची मतं. दोन्ही एकाच सरकारला हवी असतात. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली. एफआरपी त्यानंतर जवळजवळ दर वर्षी वाढत गेली.

आता राजकारण. सहकारी कारखान्यात मूळ कल्पना अशी होती की दुसरा खरेदीदार नसला तरी चालेल, कारण खरेदीदाराचे मालकच ऊसवाले. १९५० मध्ये प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी उभं केलेलं प्रारूप हेच होतं. बाजारातून बाहेर पडता येत नसेल तर मतपेटीतून चेअरमन बाहेर काढा. ही पद्धत बरीच वर्षं चालली आणि काही कारखान्यांत आजही चालते. ती मोडते कुठे, तर चेअरमनला कारखान्यापेक्षा मोठी निवडणूक लढवायची असते तिथे. अर्थशास्त्रज्ञ संदीप सुखठणकर यांनी महाराष्ट्रातल्या १८३ कारखान्यांचा अभ्यास केला. १९९३ ते २००५ या काळात त्यांतल्या १०१ कारखान्यांच्या अध्यक्षांनी विधानसभा किंवा लोकसभा लढवली होती. निवडणुकीच्या वर्षी अशा कारखान्यांनी उसाला दिलेला दर कमी आढळला. निवडून आल्यावर शेतकऱ्यांना काही प्रमाणात भरपाई होत असावी, अशीही शक्यता त्या अभ्यासात मांडली आहे. म्हणजे दर हा एकाच वेळी मतांचं आमिष आणि प्रचाराचा निधी. तुमच्या कारखान्यात हे होतं का ते बघायचं असेल तर मागच्या पंधरा वर्षांचे अहवाल काढा आणि अंतिम दर शेजारच्या तीन कारखान्यांच्या शेजारी मांडा. निवडणुकीची वर्षं लाल पेनाने खूण करा. एक संध्याकाळ पुरते.

याला दुसरी बाजू आहे आणि ती सांगायला हवी. एफआरपीपेक्षा जास्त दर दिला म्हणून आयकर खात्याने सहकारी कारखान्यांवर वर्षानुवर्षं नोटिसा काढल्या, कारण जास्तीचा दर हा खर्च नसून नफ्याचं वाटप आहे असं खातं म्हणत होतं. २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ च्या आधीच्या वर्षांची ती रक्कम खर्च म्हणून धरायला परवानगी मिळाली आणि दिलासा सुमारे दहा हजार कोटींचा असेल असं सरकारने सांगितलं. म्हणजे जास्त दर देणाराच पंचवीस-तीस वर्षं अडचणीत होता. आणि ही गाठ सुटली ती बाजारात नाही, संसदेत.

खासगी कारखान्यात तुम्हाला मत नाही. राज्यात आज सहकारी आणि खासगी जवळजवळ निम्मे-निम्मे आहेत, आणि खासगीतले काही म्हणजे कर्जात बुडून लिलावात निघालेले जुने सहकारीच. मत गेलं आणि स्पर्धा आली नाही, अशी स्थिती असलेले तालुके सगळ्यात वाईट. तुमचा कारखाना या वाटेवर असेल तर अंतराच्या अटीपेक्षा त्याचा ताळेबंद ही जास्त निकडीची गोष्ट आहे.

कारखाने जवळजवळ असले की स्पर्धा होतेच का? कोल्हापूर बघा. राज्यात सगळ्यात दाट कारखाने तिथे आणि त्या पट्ट्यात, कर्नाटकातलेही शेजारी. दर इतरांपेक्षा बरा मिळतो हे खरं. पण तो ठरतो कसा? नोव्हेंबर २०२३ मध्ये मागच्या हंगामाच्या जादा पैशांसाठी शिरोलीला पुणे-बंगळूर महामार्ग अडला, तेव्हा तोडगा निघाला तो असा: तीन हजारांहून कमी दिलेल्यांनी टनाला शंभर, जास्त दिलेल्यांनी पन्नास. सगळ्या कारखान्यांना एक सूत्र, पालकमंत्री आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मध्यस्थीने. शेतकऱ्यांना पैसे मिळाले, चांगलं झालं. पण कारखानदारांनी एकत्र बसून एक आकडा ठरवायचा ही सवय अशाच बैठकांत पक्की होते, आणि पुढच्या वर्षी आंदोलन नसतानाही ते एकत्र बसतात.

स्पर्धा कायदा २००२ च्या तिसऱ्या कलमात विक्रीच्याच नव्हे, खरेदीच्या किमती संगनमताने ठरवण्यालाही मनाई आहे. तक्रार कोणीही भारतीय स्पर्धा आयोगाकडे करू शकतो. पण सगळ्यांचा पहिला हप्ता सारखा आला एवढ्यावर संगनमत सिद्ध होत नाही. एफआरपीचं सूत्र एक, बँकेची उचल एक, साखरेचा भाव एक, म्हणून आकडे सारखे येणारच असा बचाव होतो आणि त्यात दम असतो. लागतो तो बैठकीचा पुरावा. इतिवृत्त, निरोप, एकाच दिवशी एकाच मजकुराची जाहिरात. आणि ज्या बैठकीला मंत्री हजर होते तिचा पुरावा देऊन संगनमत कसं म्हणायचं, ही अडचण वेगळीच.

सरकार स्वतः कोणाच्या बाजूने झुकतं हे सप्टेंबर २०२३ मध्ये दिसलं. ऊस कमी होता, म्हणून राज्याबाहेर ऊस न्यायला बंदी काढली. हेतू उघड होता: सीमेवरच्या शेतकऱ्याने कर्नाटकातल्या कारखान्याला ऊस घालू नये. झोनबंदीच ती, राज्याच्या मापाची. विरोध एवढा झाला की आठवड्याभरात मागे घ्यावी लागली. बाहेर जाण्याचा रस्ता बंद झाला की शेतकरी लगेच पेटतो. काटा, उतारा आणि कपात यांवर पेटत नाही, कारण ते दिसत नाही.

मग अट काढावी का? राज्यभर एकदम नको. दाट उसाच्या जिल्ह्यांत ती केंद्राच्या पंधरावर आणावी, विरळ भागात सध्या ठेवावी. विस्ताराला परवानगी देताना मागच्या तीन हंगामांची एफआरपी चौदा दिवसांत दिल्याची अट घालावी, म्हणजे थकवणारा मोठा होणार नाही. तोडणी-वाहतुकीची कपात अंतरानुसार करावी. नोंदीचा अर्ज आणि हप्त्यांची संमती हे दोन वेगळे कागद करावेत. यातलं शेवटचं सगळ्यात स्वस्त आहे, आणि सगळ्यात जास्त विरोध त्यालाच होईल.

ते होईपर्यंत या हंगामात तुमच्या हातात काय आहे? नोंद देताना अर्जाची प्रत मागा. हप्त्यांच्या संमतीचं कलम असेल तर ते खोडून बाजूला सही करा, आणि खोडू दिलं नाही तर अर्जावरच संमती नाही असं लिहा. लागणीची तारीख नोंदीच्या पावतीवर लिहून घ्या, कारण तोडीचा क्रम त्यावरच मागता येतो. वजन पावत्या खेपेनुसार जपा. शेवटच्या खेपेनंतर पंधराव्या दिवशी पैसे आले नसतील तर प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे लेखी अर्ज द्या आणि त्यात टन, पोचल्याची तारीख, देय रक्कम आणि १५ टक्के व्याज हे चारही आकडे घाला. व्याज न मागता दिलेल्या अर्जावर व्याज कोणी आपणहून देत नाही. साखर आयुक्तांनी वसुलीचं प्रमाणपत्र काढलं की जमीन महसुलासारखी वसुली जिल्हाधिकारी करतात. इथे प्रकरण महिनोन्‌महिने अडकतं, कारण गोदामातली साखर आधीच बँकेकडे तारण असते. त्यामुळे अर्ज लवकर द्या, साखर विकून संपायच्या आत. थकबाकीचे पंधरवड्याचे आकडे आयुक्तालय प्रसिद्ध करतं, आणि २०२१ मध्ये थकवणाऱ्या कारखान्यांची लाल यादीही काढली होती. पुढच्या वर्षी कोणाकडे नोंद द्यायची हे ठरवताना जाहीर दराच्या आधी ती यादी बघा.